लाझरच्या डोक्यावरचे पाणी

माझा धंदा कोणता, असे कुणी विचारले की मी अडचणीत येतो. अमरावतीच्या कापूसबाजारात मला लोक ‘पाद्र्याचा मास्तर’ म्हणतात. मी पाद्री नाही. मास्तरही नाही. परतवाड्याच्या छावणीत माझे वडील घोडी सांभाळत. शाळेशी माझा संबंध आला तो एखादी घोडी शाळेच्या अंगणात शिरली की तिला हाकलून आणण्यापुरता.

आता आमचे नवे फादर म्हणतात, नाताळाच्या अंकासाठी तुमच्या पाचारणाविषयी लिहून द्या. पाचारण म्हणजे देवाने माणसाला एखाद्या कामासाठी मारलेली हाक. मी म्हटले, हाक ऐकू आली होती हे खरे. पण ती देवाची होती की अरुळप्पा गवंड्याची, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. फादर म्हणाले, तेच लिहा.

बाहेरच्यांसाठी आधी काम सांगतो. त्या काळी फादर नागपुराहून बैलगाडीने यायचे, वर्षातून दोनदा. एकदा ईस्टरच्या सुमाराला, आणि एकदा दसऱ्यानंतर वाटा वाळल्या की. मधल्या काळात अमरावतीतली आमची पाच-सात घरे ज्याच्या गळ्यात, तो मास्तर. रविवारी सगळ्यांना गोळा करून प्रार्थना म्हणायची, लहानांकडून धर्माचे धडे पाठ करून घ्यायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, मेलेल्याला पुरायचे. मिसा, म्हणजे वेदीवरची मोठी उपासना करणे आणि पापांची कबुली ऐकणे ही दोन कामे फक्त पाद्र्याची. पण कुणी मरणाच्या दारात असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो. पुरुष, बाई, कुणीही. साधे पाणी डोक्यावरून वाहू द्यायचे आणि ओतता ओतताच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचे ठरलेले शब्द म्हणायचे. एकदा झाला की झाला. दुसऱ्यांदा दिला तर ते नुसते डोके धुणे.

हे सगळे मला पाठ होते. लोकांना नव्हते. अरुळप्पा हा कामठीहून आलेला मद्रासकडचा म्हातारा गवंडी. तो आपली पापे घेऊन माझ्याकडे यायचा. मी कानांवर हात ठेवायचो. तो म्हणायचा, “माफी मत दो, मास्टर. सिर्फ याद रखो. फादर आने तक मैं भूल जाता.” दुसऱ्याची पापे आठवणीत ठेवण्याची सोय आमच्या धर्मात नाही, असे मी त्याला पटवले. मग तो सुतळीला गाठी मारू लागला. एक पाप, एक गाठ. दसऱ्यानंतर फादर आले तेव्हा सुतळी भरली होती आणि कोणती गाठ कशाची ते अरुळप्पा साफ विसरला होता. फादरांनी शेवटी सुतळीसकट माफी दिली.

दुसरे गिऱ्हाईक एक आडत्या. तो आमच्यातला नव्हता, पण कोणत्याच देवाला नाराज करायचे नाही असा त्याचा धंद्याचा नियम होता. म्हणाला, “मास्तर, तुमच्या पाद्र्याचं मंतरलेलं पानी माह्या कापसाच्या गंजीवर शिंपडा, भाव चढला पाहिजे.” ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लोक आपसात लढत होते, विलायतेच्या गिरण्या उपाशी होत्या आणि साहेबलोकांना अचानक वऱ्हाडाचे नाव पाठ झाले होते. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. लोक बैलांशी जरा अदबीने बोलू लागले. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणारेही वाढले, आणि त्यांना पकडायला सरकारी माणसे फिरू लागली. मी आडत्याला म्हटले, पाणी कितीही पवित्र असले तरी कापसाला ते ओलेच लागणार. तो विचारात पडला आणि त्याने अगरबत्तीवर भागवले.

तर मी या कामात आलो कसा? मला खरे तर मठात जायचे होते. पांढरा झगा घालून नागपूरला ब्रदर होऊन राहायचे. तिथे जेवण वेळेवर मिळते असे मी ऐकले होते. फादरांपाशी मात्र मी फक्त आत्म्याचा विषय काढला.

आमचे तेव्हाचे फादर फ्रान्सचे. मराठी ते वाटेतल्या गाडीवानांकडून शिकले होते. त्यामुळे देवदूताविषयी बोलतानाही त्यांच्या तोंडी ‘अबे’ यायचे, आणि प्रवचन संपवताना ते बैल थांबवल्यासारखे “हो, हो” म्हणायचे. त्यांनी मला विचारले, “अबे अंतोन, तुले हाक ऐकू आली काय?”

“व्हय, फादर.”

“कोन्त्या बाजूनं?”

ते मला सांगता येईना.

“मंग अमरावतीले जा. थितं आपली घरं हायेत, त्याइले पाहनारं कोनी नाही. थितं राहून आईक.”

अशी माझी परीक्षा सुरू झाली. पोटासाठी मी एका कापसाच्या आवारात लागलो. तिथे बायका रेच्यावर बसत. रेचा म्हणजे दोन लाटणी एकमेकांवर फिरतात, त्यांच्यामधून कापूस ओढला की रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. रुईचे धोकडे, म्हणजे मोठे गठ्ठे, बांधून गाड्यांवर चढवायचे. धोकडे मोजणाऱ्या माणसावर लक्ष ठेवणे हे माझे काम. तो मोजण्यात पक्का होता, त्यामुळे मला हाक ऐकायला भरपूर वेळ मिळे. हाक काही येत नव्हती.

रेच्यावरच्या बायकांत मार्था होती. आमच्यातलीच, कामठीची. तिचा नवरा अकोल्याकडे रेल्वेच्या पुलावर काम करता करता तापाने गेला होता आणि तिला दिवस राहिलेले होते. बाजाराला लागून गोदाबाई नावाच्या कुणबी बाईचे घर होते. त्यातली मागची खोली मार्थाकडे. गोदाबाई पाटलीण नव्हती, पण बोलणे पाटलिणीचे होते.

पौषातल्या एका दुपारी अरुळप्पा आवारात धावत आला. मी धोकड्यांवर आडवा होऊन हाकेची वाट पाहत होतो. तो खालून ओरडला, “मास्टर, चलो! मार्था का बच्चा जाता है!”

मी धोकड्यांवरून सरळ उडी मारली ती मोकळ्या रुईच्या ढिगात. तसाच उठून पळालो. बाजारात गाड्यांची रांग लागली होती. बैलांच्या पोटाखालून, जुवांवरून, शिव्या खात मी गोदाबाईच्या दारात पोचलो. अंगभर रुई चिकटलेली. गोदाबाई म्हणाली, “हे कोन कापसाचं भूत आलं, मायबाई?”

आत मार्था गोधडीवर बसली होती. मांडीवर नुकते जन्मलेले पोर, निळसर, आवाज नसलेले. मार्थाचा पदर ओला होता. घाम असेल असे मला वाटले. जवळच तांब्या होता, अर्धा भरलेला. मी विचारले, “नाव काय ठेवता?”

“लाझर,” ती लगेच म्हणाली. एवढ्या संकटातही तिने नाव तयार ठेवले याचे मला कौतुक वाटले.

मी तांब्या उचलला. गोदाबाईने माझा हात धरला. “आनखी पानी? थंडीनं मरून जाईन ना थे!”

“गोदाबाई, हे धर्माचं काम हाय. तुमाले नाही समजनार.”

मार्थाने काहीतरी बोलायला तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. मी लाझरच्या डोक्यावर पाणी ओतले आणि शब्द म्हटले. वर्षानुवर्षे पाठ केलेले, एकही न चुकता. लाझर शिंकला. मग रडला. मग असा रडू लागला की बाजारातले बैल बिथरले, असे मी पुढे बरेच दिवस सांगत असे.

पोर जगले. माझा पहिला बाप्तिस्मा होता तो, आणि इतका लागू पडला होता. मी बाजारभर सांगितले. ऐकणाऱ्यांतले निम्मे हिंदू आणि निम्मे मुसलमान, त्यांना विषयात काही गोडी नव्हती. पण कापसाचा भाव चांगला असल्याने सगळे सहनशील होते. रोज संध्याकाळी मी माझा बाप्तिस्मा कसा आहे ते पाहायला गोदाबाईकडे जाऊ लागलो.

ईस्टरला फादर आले. घाईच्या बाप्तिस्म्यात राहून गेलेले विधी, म्हणजे तेल लावणे वगैरे, त्यांनी पुरे केले. त्या दुपारची हकीकत मी त्यांना उडीसकट सांगितली. मार्था शेजारी उभी होती, काही बोलली नाही. मी म्हटले, “फादर, आता मठात जायाले तयार हाओ.”

फादर म्हणाले, “पावसाळा जाऊ दे. पावसाळ्यात गाड्या बंद असतेत. गडबड कमी. हाक बराबर ऐकू येते.”

पावसाळ्यात काळ्या मातीने गाड्यांची चाके गिळली आणि बाजार झोपला. मी गोदाबाईच्या ओसरीवर बसून लाझरला मिशा ओढायला देत असे. मार्था आत भाकरी थापता थापता माझी थट्टा करी. “मास्तर, मठात मिशा चालतेत काय? नाही तं हा रडन तिकडं येऊन.” एकदा मला ताप आला आणि मी गेलो नाही. संध्याकाळी ती लाझरला खांद्यावर घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली. म्हणाली, “तुमाले पाह्याले आनलं याले. लय रडत होता.”

लाझर गाढ झोपलेला होता.

त्या दिवसापासून मठातल्या वेळेवरच्या जेवणाची ओढ मला वाटेनाशी झाली. याला पाचारण म्हणावे की पाचारण सुटणे म्हणावे, हे फादरांनाच विचारायचे ठरवले. दसऱ्यानंतर फादर आले, तेव्हा विचारले, आणि मार्थाशी लग्न करावेसे वाटते हेही सांगितले. मार्थाला अजून काही बोललो नव्हतो. आधी देव, मग फादर, मग मार्था, असा माझा क्रम होता.

फादर इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग त्यांचा हात तिथेच राहिला.

“अबे अंतोन. त्या पोराच्या डोक्यावर पानी कोनं टाकलं होतं?”

“म्या.”

“अबे!”

मग त्यांनी मला तो नियम सांगितला, जो मला पाठ करायला कुणी दिला नव्हता. जो बाप्तिस्मा देतो त्याचे त्या मुलाशी तर नाते जडतेच, पण मुलाच्या आईबापांशीही जडते. आत्म्याचे नाते. अशा नात्यात लग्न होत नाही. फक्त बिशप सूट देऊ शकतात, आणि आमचे बिशप पूर्वेला, पार समुद्राच्या काठी. फादर म्हणाले, निरोप धाडतो. उत्तर कधी येईल, काय येईल, देवाला ठाऊक. आणि ते अकोल्याला गेले; रेल्वेच्या कामावर आमची काही घरे होती.

माझे तोंड पाहून गोदाबाईने सगळे काढून घेतले आणि कपाळावर हात मारला. “आमच्यात मामाची पोरगी चालते, आत्याचा पोरगा चालते. अन् तुमाले ही काहून नाही चालत? पोराच्या डोक्यावर पानी टाकलं म्हनून? तुमच्या देवाले पान्याचं नातं रक्ताहून जाड वाटते काय?”

मी म्हटले, वाटते.

“मंग मार्थाले सांगतलं?”

“नाही. बिशपाचं उत्तर आल्यावर सांगन.”

गोदाबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. अशी ती फक्त बसलेल्या बैलाकडे पाहत असे.

बिशपांच्या आधी मार्थाचा थोरला दीर आला. कामठीला एका साहेबाकडे खानसामा होता. भावाची बायको आणि भावाचे पोर परक्या गावात कशाला, आपल्या घरी न्यायचे म्हणून आला. माणूस वाईट नव्हता, तेच वाईट होते. त्याने गाडी ठरवली. मार्थाने गाठोडे बांधले आणि लाझरला घेऊन आवारात आली. मी धोकड्यांपाशी उभा होतो.

“मास्तर, मी उद्या चालली. तुमाले काही म्हनायचं हाय काय?”

मला पुष्कळ म्हणायचे होते. तोंडातून निघाले ते एवढेच, “आपलं नातं लागते.”

“कोन्तं नातं?”

मी नियम सांगितला. बाप्तिस्मा देणारा, मूल, मुलाची आई. नियम सांगायच्या भरात मी लग्नाचे विचारले आहे हे माझ्या लक्षात आले नाही. तिच्या आले. ती धोकड्यावर बसली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग तिने पदर तोंडाला लावला. रडते की काय म्हणून मी घाबरलो. ती हसत होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमी येयाच्या आधीच म्या पानी टाकलं होतं.”

मला समजले नाही.

“अरुळप्पा तुमाले आनाले गेला अन् इकडं पोर निळं पडलं. वाट कोन पाहीन? माह्या मायनं शिकवलं होतं. तांब्या घेतला, पानी टाकलं, शब्द म्हनले. मंग तुमी आले. डोक्यात कापूस, पायाले रगत, अन् तोंडावर असा आनंद... म्या काय सांगू?”

“पन मंग नंतर काहून नाही सांगतलं? एवढे महिने?”

ती लाझरच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाली, “तुमी रोज पाह्याले येत होते. तुमचा बाप्तिस्मा खोटा हाय म्हनलं असतं, तं आले असते काय?”

हे ऐकून दीर गाडी थांबवायला तयार झाला, पण पाद्र्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. फादर अकोल्याला. म्हणून दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाणाऱ्या कापसाच्या गाडीवर आम्ही बसलो: दीर, मार्था, लाझर, मी, आणि साक्षीला गोदाबाई. गोदाबाईने येण्याची एक अट घातली होती. अकोल्यात आगगाडी दाखवायची. धोकड्यांवर बसून ती वाटेतल्या प्रत्येक गावाला ओरडून सांगत होती की ती आगगाडी पाहायला चालली आहे.

अकोल्यात आगगाडी नव्हती. मातीचा लांबच लांब बांध होता आणि त्यावर टोपल्या वाहणारी माणसे. गोदाबाई बांधाच्या या टोकाकडे, त्या टोकाकडे पाहून म्हणाली, “गाडी कुठं हाय?” मी म्हटले, येणार आहे. ती म्हणाली, “तुमच्या बिशपासारखीच.”

फादरांनी आम्हाला बांधाजवळच्या निंबाखाली बसवले. मार्थाचे ऐकून त्यांचा चेहरा कठोर झाला. त्यांनी मला आणि दिराला लांब उभे केले, पण ऐकू येत होते.

“लगनाची गरज पडली, तवाच आठवलं काय हे?”

“नाही, फादर. इसरलीच कवा होती?”

“मंग तेल लावलं तवा काहून नाही बोलली?”

“मास्तर त्या उडीची गोष्ट सांगून राह्यले होते. मधात कशी बोलू?”

पाणी कोणते होते, डोक्यावरून वाहिले की नुसते ओले झाले, शब्द आणि पाणी एकाच वेळी की मागेपुढे: फादरांनी सगळे विचारले. तिने सगळे सांगितले. मला फादरांची अडचण कळत होती. ज्या बाईला लग्न करायचे आहे, तिच्याच शब्दावर नियम कसा सोडायचा? मार्थाची मूठ लाझरच्या झबल्यावर आवळली होती. बांधापलीकडे कामठीला जाणारी वाट दिसत नव्हती, पण मला ती दिसत होती.

फादर गोदाबाईकडे वळले. “बाई, तुमी थितं होत्या?”

“मंग काय आगगाडीत होती?”

“काय पाह्यलं?”

“हिनं पानी टाकलं. तीन खेपा. लेकराचं नाव घेतलं. मंग हा भूत आला, अन् यानंबी टाकलं. म्या म्हनलं, आनखी पानी? तं मले म्हने धर्माचं काम हाय, तुमाले नाही समजनार.” हे सांगताना ती माझ्याकडे पाहत होती. ती ते विसरली नव्हती. अजूनही विसरलेली नाही.

“पानी टाकतानी ही काय बोलली?”

गोदाबाईने आठवले. “बाप म्हनली. लेक म्हनली. अन् तिसरं कोनीतरी.”

फादरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “हो, हो.”

त्यांनी मला जवळ बोलावले. “अंतोन, लाझरचा बाप्तिस्मा झाला. तू देला थो झालाच नाही. तू पोराचं डोकं धुतलं. नातं काही लागत नाही.” मग जरा मऊ आवाजात विचारले, “वाईट वाटून राह्यलं काय?”

“थोडं, फादर.”

“किती?”

“लगन होईस्तोवर जाइन.”

दिराने लाझरला कडेवर घेतले, मार्थाच्या पाया पडायला त्याला खाली ठेवले, मग आपण थोरले आहोत हे आठवून तो नुसताच नाक शिंकरू लागला. लग्न अकोल्यातच झाले, आमच्या रिवाजाप्रमाणे तीन रविवार नावे पुकारून, बांधावरच्या मंडळींच्या साक्षीने. मी फादरांना शेवटचे विचारून घेतले: मठ तर गेला, मग मला हाक आली होती ती कशाची?

फादर म्हणाले, “त्या दिवशी तुले कोनं बोलावलं?”

“अरुळप्पानं.”

“तू काय केलं?”

“धावलो.”

“मंग?” असे म्हणून ते गाडीवानाला हाक मारायला गेले.

अमरावतीला परत आलो आणि तेव्हापासून हेच काम करतो आहे. कापसाचा भाव पुढे पडला, चांदीच्या शेंब्या मोडीत गेल्या, आगगाडी आली. लाझर त्याच गाडीच्या इंजिनात कोळसा टाकतो, आणि गोदाबाईला त्याने एकदा बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणले. ती म्हणाली, बांध बरा होता. अरुळप्पाला मीच पुरले, सुतळी त्याच्या हातात देऊन. त्या वेळी तिच्यावर फार गाठी नव्हत्या.

वस्तीत एखादे लेकरू अडले की आजही माणूस आमच्याच दारात येतो आणि मास्तरांना हाक मारतो. मी पागोटे शोधेपर्यंत मार्था तांब्या घेऊन निघून गेलेली असते. मी पोचतो तेव्हा बहुतेक वेळा सगळे झालेले असते. एकदा मी तिला म्हटले, मग मी जातो तरी कशाला, आणि या वयात धावतो कशाला?

“धावतच येत जा,” ती म्हणाली. “लोकाइले बरं वाटते.”